आकाशाचें दप्तर

पेशवे दप्तराचें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकिलें असेल. तें पुण्यांतच होतें, तरी अभ्यासकांस दीर्घकाळ दुर्लभ राहिलें. १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार सरदेसाई यांनीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड काढिले, तेव्हां कोठें त्या रुमालांच्या गांठी सुटल्या. आज ज्या दप्तराविषयीं मी बोलणार आहें, तें प्रकाशाचें आहे, आणि त्याच्या गांठी आधींच सोडून ठेविलेल्या आहेत.

२८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून ‘ॲस्ट्रोसॅट’ ही आपल्या देशाची वेधशाळा सुमारें ६५० किलोमीटर उंचीवर गेली. क्ष-किरण आणि बहुतेक अतिनील किरण वातावरणांत अडतात, म्हणून त्यांचे वेध वरूनच घ्यावे लागतात. तिच्या यंत्रांच्या उभारणींत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याची आयुका यांचा मोठा वाटा होता. ज्यानें वेधाचा प्रस्ताव मांडला, त्याच्यापाशीं ती माहिती कांहीं काळ राखीव राहते. मग ती सर्वांची होते. २०१८ च्या सप्टेंबरांत हें भांडार खुलें झालें. कष्टकऱ्याचा हक्क पहिला आणि मग गांवाचा, ही रीत शेतकऱ्याच्या खळ्यावरही चालते.

आमच्या गडमुडशिंगींतील एखाद्या मुलास चांगली दुर्बीण घेऊन द्यावी म्हटलें, तर बापाचें कंबरडें मोडेल. येथें मात्र इस्रोच्या अवकाश विज्ञान माहिती केंद्राच्या ‘ॲस्ट्रोब्राउझ’ या संकेतस्थळावर नांव नोंदविलें, कीं काम भागतें. ज्योतीचें नांव अथवा तिचें स्थान द्यावें. वृषभ राशींतील खेकडा तेजोमेघ हवा असेल, तर विषुवांश ५ तास ३४ मिनिटें व क्रांति उत्तर २२ अंश. आकाशाचे हे गट नंबरच समजा. ते चुकले तर दुसऱ्याचाच उतारा हातीं येतो! मिळालेली धारिका ‘फिट्स’ पद्धतीची असते. तिच्या शिरोभागीं यंत्र, दिनांक, वेळ हें सारें लिहिलेलें असतें. तें न वाचतां चित्राकडे धांवूं नये.

अशा दप्तरांतून काय निघतें? आयुकेचे डॉ. कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ऑक्टोबर २०१६ मध्यें आकाशाच्या एकाच तुकड्यावर २८ तासांहून अधिक वेध घेतले. तो तुकडा ‘हबल’ दुर्बिणीनें पूर्वींच बारकाईनें पाहिलेला, आणि तिचीं चित्रें सर्वांस खुलीं. दोहोंचा मेळ घालून, सुमारें ९३० कोटी प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेचे तीव्र अतिनील किरण त्यांस सांपडले. हें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. हबलचा आरसा २.४ मीटरचा, आपल्या दुर्बिणीचा अवघा ३८ सेंटिमीटरचा. परंतु आपल्या यंत्रांतील पार्श्वभूमीचा गोंगाट फार कमी होता.

नवशिक्यानें प्रथम अतिनील दुर्बिणीचेंच चित्र घ्यावें. क्ष-किरणांच्या धारिका म्हणजे एकेका किरणकणाच्या आगमनाची रोजनिशी. ती उलगडावयास निराळी संगणकीय साधनें लागतात. त्यासाठीं आयुकेंत ॲस्ट्रोसॅटचें साहाय्य केंद्र आहे.