मुलांना 'नाही' म्हणावे की म्हणू नये?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांना 'नाही' म्हणू नये, त्यांचे मन दुखावते, असे हल्ली पुष्कळ ऐकू येते. आपल्या घरांत हे चटकन पटते, त्याला कारणही आहे. आपल्या आजा-पणजांनी आयुष्यभर 'नाही'च ऐकले. पाण्याला नाही, देवळाला नाही, शाळेत बसावे तर दाराबाहेर. ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. मग आपल्याला वाटते, आपल्या पोराने तो शब्द का म्हणून ऐकावा? मागेल ते देऊन टाका!

पण ते 'नाही' तिरस्काराचे होते. आई-बापाचे 'नाही' मायेचे असते. दोन्हींची गल्लत करू नये.

मज्झिम निकायात अभय राजकुमाराची कथा आहे. त्याच्या मांडीवर तान्हे बाळ होते. भगवंतांनी विचारले, "या बाळाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर काय करशील?" कुमार म्हणाला, बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची करुणा आहे. आता बघा, बाळ रडणारच! म्हणून काय खडा तोंडात राहू द्यायचा? सिगालोवाद सुत्तात आई-बापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात पहिलेच कर्तव्य मुलांना वाईटापासून रोखण्याचे आहे.

आजचा खडा म्हणजे मध्यरात्रीपर्यंत हातात असलेला मोबाईल आणि कोपऱ्यावरची गुटख्याची पुडी.

तेव्हा 'नाही' म्हणावे, पण मोजके आणि ठाम. सकाळी 'नाही' आणि रडारड झाली की संध्याकाळी 'घे बाबा', असे केले तर रडले की मिळते एवढेच पोर शिकते. आई नाही म्हणाली तर बापाने गुपचूप देऊ नये. कारण सांगावे. ऐपत नसेल तर तेही सरळ सांगावे, त्यात लाज कसली? मात्र मारून, चारचौघांत पाणउतारा करून म्हटलेले 'नाही' पुन्हा तिरस्काराचेच होते. मुलाला 'हो' आणि मुलीला 'नाही', हा भेद तर आपल्या घरात नकोच. पुस्तकाला, शिक्षणाला, प्रश्न विचारण्याला कधीच 'नाही' नको.

आपण पंचशील ग्रहण करतो, तेव्हा पाच गोष्टींना स्वतःहून 'नाही' म्हणतो. कोणी सक्ती करत नाही. उद्या आपण सोबत नसू, तेव्हा आपल्या लेकरांना असे स्वतःला 'नाही' म्हणता आले पाहिजे. त्याची सवय घरातच लागते.

नमो बुद्धाय! जयभीम!