प्राचीन डीएनएची छाननी : थोडक्या साधनांचा विवेकी विनियोग
(भिलाई येथे विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



येथील पोलाद कारखान्यात दल्ली-राजहराचे लोहखनिज भट्टीत जाण्यापूर्वी तपासले जाते. प्राचीन अस्थींतील डीएनएच्या अभ्यासातही अशीच पूर्वतपासणी आवश्यक असते. मात्र खनिज पुन्हा आणता येते; हजारो वर्षांपूर्वीच्या अस्थीची भुकटी एकदा वापरली की कायमची संपते.

हरियाणातील राखीगढी या हडप्पाकालीन स्थळाचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झाले. तेथील ६१ अस्थिनमुन्यांच्या छाननीत केवळ एका स्त्रीच्या नमुन्याने आशा दाखविली. उष्ण हवामानात डीएनए लवकर नष्ट होतो, हे त्याचे प्रमुख कारण होय. हे संशोधन २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

छाननीची पद्धत कशी असते? आंतरकर्णाभोवतीच्या घट्ट हाडात डीएनए अधिक टिकतो. म्हणून त्याची अल्पशी भुकटी निर्जंतुक कक्षात घेतली जाते. सोबत अस्थीविरहित कोरा नमुनाही तपासतात. त्यात डीएनए आढळल्यास बाह्य संसर्गाची शंका येते. त्यानंतर अल्प प्रमाणात अनुक्रमवाचन करून दोन गोष्टी पाहतात : जिवाणूंच्या तुलनेत मानवी डीएनए किती, आणि तुकड्यांच्या टोकांशी सायटोसीनच्या जागी थायमीन वाचले जाते का. ही झीज प्राचीनत्वाची खूण आहे. हाताळणाऱ्याच्या ताज्या डीएनएत ती आढळत नाही. या कसोटीस उतरलेल्या नमुन्यावरच जनुकसंचातील सुमारे १२ लाख स्थाने तपासण्याचा महागडा खर्च केला जातो.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा संधी खर्चाचा विचार आहे. निष्फळ नमुन्यांवरील खर्च वाचला, तर आशादायक नमुन्यावर पुन:पुन्हा काम करता येते. राखीगढीच्या त्या एका नमुन्यापासून डीएनएचे अनेक संच तयार केले गेले, तेव्हा कोठे तुलनेपुरती माहिती हाती आली. परंतु निकष फार कठोर ठेवल्यास उपयुक्त नमुनाही नाकारला जातो. म्हणून नाकारलेल्या नमुन्यांचा उरलेला भाग जपणे आणि अपयशाची नोंद ठेवणे, ही उधळपट्टी नसून भावी तंत्रज्ञानासाठी केलेली गुंतवणूक आहे.

एक मर्यादाही ध्यानी घ्यावी. त्या स्त्रीच्या जनुकांत स्टेप प्रदेशातील पशुपालकांचा वंशांश आढळला नाही. परंतु एका व्यक्तीवरून संपूर्ण संस्कृतीविषयी निर्णय देता येत नाही. छाननी खर्च वाचविते. पुराव्याची उणीव मात्र ती भरून काढू शकत नाही.