शून्यही लिहायचं असतं

आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावाच्या महिला बचत गटाकडून बोलत आहोत. मासिक बचत, कर्जाचे हप्ते, गटाचं दप्तर यांवर आपलं नेहमी बोलणं होतं. आज जंगलाच्या हिशोबाचं सांगायचं आहे. गेल्या वर्षी आमच्या जंगलातला बांबू मोजून ते आकडे लॅपटॉपवर भरायचं काम आमच्या गटाकडं आलं. त्यात आमच्याकडून एक चूक झाली. ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हे बोलणं.

आधी थोडं मागचं सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाला आपलं परंपरेनं वापरातलं जंगल राखायचा आणि त्याची व्यवस्था बघायचा सामूहिक हक्क दिला. या कायद्यात बांबू गौण वनोपजात धरला आहे. सागासारखं इमारती लाकूड त्यात येत नाही. आमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना ग्रामसभेनं स्वतः द्यायचा, हे तिथं २०११ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. पुढं २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली आणि परवान्याची ही वाट सगळ्याच ग्रामसभांना मोकळी झाली.

पण हक्क आला की जबाबदारीही येते. यंदा किती बांबू तोडायचा हे आता गावानंच ठरवायचं. त्यासाठी आधी जंगलात किती आहे ते कळायला हवं.

आमच्या ग्रामसभेनं बांबूच्या जंगलाचे चार भाग पाडले. दर वर्षी एकाच भागात तोड करायची, म्हणजे पुन्हा पाळी येईपर्यंत त्या भागाला विसावा मिळतो. गेल्या वर्षी पाळी होती ६० हेक्टरच्या भागाची. एवढ्या जंगलातलं एकेक बेट मोजणं होत नाही. म्हणून नकाशावर सारख्या अंतरानं ४० जागा ठरवल्या. प्रत्येक जागी २० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असा दोरीचा चौकोन आखायचा आणि त्याच्या आतलं सगळं मोजायचं. याला नमुना प्लॉट म्हणतात. भाताचं एक शीत दाबून बघतो, तसंच हे.

दिवाळीनंतर आम्ही बाया दोऱ्या, चुना आणि वह्या घेऊन निघालो. चौकोनात बांबूची बेटं किती, आमच्याकडं त्याला रांजी म्हणतात, ते मोजायचं. मग प्रत्येक बेटात या पावसाळ्यातला कोवळा बांबू, म्हणजे करला, किती, मागच्या वर्षीचा किती, त्याहून जुना पक्का किती आणि वाळलेला किती, ते लिहायचं. करला ओळखायला आमच्या बायांना कुणी शिकवावं लागलं नाही. अंगावर पांढरी भुकटी, पेराला चिकटलेलं टरफल, फांद्या कमी. टोपली विणणारी बाई हे लांबूनच सांगते. करला आणि मागच्या वर्षीचा बांबू तोडायचा नाही, कारण पुढच्या पावसात नवा कोंब बहुतेक त्यांच्याच आधारानं येतो. पक्क्यातलेही काही बांबू बेटात राखायचे.

मोजणी आठ दिवसांत झाली. मग आकडे लॅपटॉपवर भरायला बसलो. मदत करणाऱ्या एका संस्थेनं त्यासाठी सॉफ्टवेअर दिलं होतं. प्लॉटचा नंबर, बेटांची संख्या आणि वयानुसार बांबू भरले, की राखायचे बांबू वजा करून हेक्टरी किती तोडता येतील ते सॉफ्टवेअरच काढून देतं.

आमच्यातल्या बी.ए. झालेल्या बाईलाही सुरुवातीला हात लावायची भीती वाटली. कारण हे काम आम्हाला सहज मिळालं नव्हतं. ग्रामसभेत काही जण म्हणाले होते, लॅपटॉपचं काम पोरांना द्या, बाया मोजून आणतील. आम्ही म्हणालो, ज्यांनी मोजलं त्यांनाच भरू द्या. त्यामुळं आकडा बिनचूक द्यायचाच, असं आमच्या मनानं घेतलं होतं.

सॉफ्टवेअरनं उत्तर दिलं ६०,००० बांबू. आम्हाला आनंद झाला. व्यापाऱ्याबरोबर करार करायचा होता, त्याची उचल मिळणार होती. गटाच्या बैठकीत आम्ही तो आकडा वाचून दाखवला. तेव्हा आमच्यातल्या एक वयस्क काकू, ज्यांना सहीपुरतंच लिहिता येतं, म्हणाल्या, “एवढे कुठून येतील? वरच्या पहाडीवर तर नुसता दगड आहे. तो धरलात का?”

आम्ही वह्या पुन्हा काढल्या. पहाडीवरच्या प्लॉटांची पानं कोरी होती. ४० पैकी १० प्लॉटांत बांबूच नव्हता. तिथं दोरी लावली, बघितलं, काही नाही म्हणून काही लिहिलं नाही. वहीत नाही, म्हणून लॅपटॉपवरही भरलं नाही.

यानं काय झालं ते नीट ऐका. ३० प्लॉटांत मिळून २४० बेटं होती. सॉफ्टवेअरनं २४० ला ३० नं भागलं आणि प्लॉटला ८ बेटं धरली. असे २५ प्लॉट म्हणजे एक हेक्टर, म्हणून हेक्टरी २०० बेटं. बेटामागं तोडण्याजोगे ५ बांबू धरले, की हेक्टरी १,००० आणि ६० हेक्टरला ६०,०००. पण दोरी तर आम्ही ४० जागी लावली होती. २४० ला ४० नं भागलं, की प्लॉटला ६ बेटं येतात, हेक्टरी १५०. तोडण्याजोगे बांबू हेक्टरी ७५० आणि सगळे मिळून ४५,०००. म्हणजे जंगलात नसलेले १५,००० बांबू आम्ही कागदावर उभे केले होते.

हे १५,००० पुढं कुठून आले असते? करार झाला, उचल घेतली, की माल द्यावाच लागतो. तोडणाऱ्याला मजुरी नगावर मिळते. पक्का बांबू संपला, की कोयता राखलेल्या बांबूवर आणि करल्यावर पडला असता. मग चार वर्षांनी पाळी फिरून आली असती तेव्हा बेटं आतून पोकळ दिसली असती, आणि दोष कुणालाच कळला नसता.

हे ग्रामसभेत सांगायचं जिवावर आलं. चूक दाखवली तर काम हातातून जाईल, अशी भीती होती. शेवटी ठरवलं, गटाच्या पेटीत शंभर रुपये कमी निघाले तर आपण लपवतो का? मग हे कसं लपवायचं? ग्रामसभेत उभ्या राहिलो आणि कोऱ्या वह्या सगळ्यांसमोर ठेवल्या. उत्पन्न कमी होणार म्हणून नाराजी झाली. मागून एक जण बोललाच, “तरी म्हटलं होतं.” पण गावातले म्हातारे बुरड कारागीर उठून म्हणाले, ज्यांना चूक सापडते त्यांच्याकडंच वही राहू द्या. घरवापरासाठी आणि बुरडांच्या कामासाठी ५,००० बांबू बाजूला ठेवून ४०,००० चा करार झाला. वही आमच्याकडंच राहिली.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात बांबू असेल, तेंदूपानं असतील, मोहाची झाडं असतील. मोजणी करून आकडे भरायची वेळ आली तर आमच्या या गोष्टी ध्यानात ठेवा.

जिथं काही मिळालं नाही तिथं शून्य लिहा. कोरी जागा म्हणजे “बघितलंच नाही”, आणि शून्य म्हणजे “बघितलं, पण नाही”. लॅपटॉपला हा फरक आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

आकडे कुठल्या लिपीत लिहायचे ते आधीच ठरवा. मराठीतला चार इंग्रजीतल्या आठासारखा दिसतो. आमच्या एका पानावर ४ चे ८ झाले होते.

भरताना तिघी बसा. एकीनं वाचायचं, दुसरीनं भरायचं, तिसरीनं वहीत खूण करायची. शेवटी वहीतले प्लॉट आणि लॅपटॉपवरचे प्लॉट मोजून बघा. दोन्हीकडं ४० असले तरच पुढं जायचं. आम्ही एवढं केलं असतं तरी चूक तिथंच सापडली असती.

आणि आलेला आकडा करार करायच्या आधी अशा बाईला ऐकवा, जी रोज त्या जंगलात जाते. तिला लॅपटॉप येत नसेल, पण पहाडीवर दगड आहे हे तिलाच माहीत असतं.

यंदा दुसऱ्या भागाची मोजणी आहे. या वेळी त्या काकू आमच्यासोबत लॅपटॉपजवळ बसणार आहेत. खूण करायचं काम त्यांनी मागून घेतलं आहे.