धबधबा कुठे जात नाही

मंडळी, निवृत्तीनंतर आपल्या सोसायटीतले आम्ही सहाजण पावसाळ्यात देवकुंडला निघालो. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्यापासून साधारण दोन तासांची चाल, वाटेत ओढे. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं. गावचा वाटाड्या म्हणाला, "काका, वर ताम्हिणीकडे पाऊस लागलाय. मागं फिरा." मी चिडलो, तरी फिरलो. उंचावर जाऊन थांबलो, तर अर्ध्या तासात त्याच ओढ्याला कमरेएवढं पाणी! बँकेत कर्ज देताना आयुष्यभर जोखीम मोजली, इथे ती त्या पोरानं मोजली. देवकुंड आम्ही पुढे डिसेंबरात पाहिलं. मुलांनो, डोंगरात जरूर जा. पण पाणी गढूळलं की परत फिरा. धबधबा कुठे जात नाही.