पिवळा त्रिकोण दिसला म्हणून मदरबोर्ड बदलू नका



गेले काही आठवडे आमच्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या घरांतून येते आहे. जुना संगणक फॉरमॅट करून आणला, चालतोही नीट, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'एसएम बस कंट्रोलर' या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसतो. कुणा दुकानदारानं सांगितलं, मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल. कुणाच्या संगणकावर शिलाईच्या ऑर्डरी आहेत, कुणाच्या बचत गटाचा तीन वर्षांचा हिशेब आहे, कुणाची मुलगी त्यावर बारावीचा अभ्यास करते. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे पैसे तर गेलेच, शिवाय संगणक आठवडाभर दुकानात. म्हणून आज या त्रिकोणाबद्दलच बोलू या. कागद-पेन जवळ ठेवा, मध्ये थोडं लिहून घ्यायचं आहे.

आधी ही एसएम बस म्हणजे काय ते पाहू. पूर्ण नाव 'सिस्टिम मॅनेजमेंट बस'. मदरबोर्डवर मोठमोठे रस्ते असतात, त्यांवरून चित्रं, फायली, आवाज धावतात. त्यांच्या बाजूनं एक बारीकशी पायवाटही असते. तिच्यात तारा दोनच. एक तार ठेका धरते, दुसरीवरून निरोप जातो. १९८२ साली फिलिप्स कंपनीनं दोन तारांची अशी एक पद्धत काढली होती, तिचं नाव आय-टू-सी. तिच्याच आधारानं इंटेलनं १९९५ मध्ये एसएम बस ठरवून दिली. लॅपटॉपच्या बॅटरीनं स्वतःची माहिती स्वतः सांगावी, किती चार्ज उरला, किती तापले, ही त्या वेळची मोठी गरज होती. पुढे मेमरीच्या पट्ट्या आणि तापमान मोजणाऱ्या चिपाही या वाटेवर आल्या.

ही वाट सावकाश चालते. मूळ नियमाप्रमाणे सेकंदाला जास्तीत जास्त एक लाख ठेके. संगणकाच्या मानानं हा वेग गोगलगायीचा. पण इथून जाणारे निरोपही छोटेच. "तू कोण?" "मी चार जीबीची मेमरी." "किती तापलीस?" "बेचाळीस अंश." एवढंच बोलणं. या वाटेवरच्या प्रत्येक चिपला घरक्रमांक असतो आणि या सगळ्यांशी बोलणारा जो मुकादम, तो एसएम बस कंट्रोलर. तो मदरबोर्डच्या मुख्य चिपसेटमध्येच बसवलेला असतो. वेगळा काढून बदलण्यासारखा सुटा भाग तो नाही.

आता प्रश्न येतो, मुकादमापुढे त्रिकोण आहे तर संगणक सुरू तरी कसा होतो? कारण सुरुवातीचं महत्त्वाचं काम विंडोज जागं होण्याआधीच उरकलेलं असतं. तुम्ही बटण दाबलं की आधी बायोस उठतं. तेच या दोन तारांवरून मेमरीच्या पट्टीवरची छोटी चिप वाचतं, पट्टी केवढी आणि किती वेगाची ते समजून घेतं, आणि मग विंडोजला हाक मारतं. विंडोजचा ड्रायव्हर त्या वेळी कुठेच नसतो. म्हणजे संगणक सुरू होत असेल आणि मेमरी पूर्ण दिसत असेल, तर या वाटेवरचं मुख्य काम झालेलं आहे. पंख्याचंही तसंच. बहुतेक डेस्कटॉपमध्ये पंख्याचा वेग मदरबोर्डवरची दुसरी एक चिप बायोसच्या सांगण्यावरून सांभाळते. विंडोजमध्ये एसएम बसचा ड्रायव्हर नाही म्हणून पंखा थांबत नाही.

मग त्रिकोण कशाचा? ओळख न पटल्याचा. मदरबोर्डवरचा असा प्रत्येक भाग स्वतःचं ओळखपत्र बाळगतो. त्यावर तीन गोष्टी असतात: बनवणारी कंपनी, मॉडेल आणि कामाचा प्रकार. कामाचा प्रकार वाचून विंडोजला कळतं की हा एसएम बस कंट्रोलर आहे. पण या नेमक्या मॉडेलचा कागद त्याच्या दप्तरात सापडत नाही. आडनाव कळलं, नाव कळलं नाही, अशी गत. म्हणून ते 'अदर डिव्हायसेस'मध्ये टाकतं, त्रिकोण लावतं आणि लिहितं कोड २८. कोड २८ चा अर्थ एवढाच, की ड्रायव्हर बसवलेला नाही. भाग जळला, बिघडला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

आणखी एक गंमत ऐका. इंटेलच्या बोर्डांसाठी आपण ज्याला एसएम बसचा ड्रायव्हर म्हणतो, त्यात बहुतेक वेळा काम करणारा प्रोग्रॅम नसतोच. ती आयएनएफ नावाची मजकुराची फाईल असते. ती विंडोजला सांगते, "या क्रमांकाच्या भागाचं नाव हे, याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही." विंडोजचं समाधान होतं, त्रिकोण जातो. संगणक त्यानं वेगवान होत नाही. तेव्हा याच कामाचे कुणी हजार रुपये मागितले, तर काय बसवणार ते आधी विचारा.

आता लिहून घ्या. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. आधी पाहा, त्रिकोण एकटा आहे की सोबत आणखी आहेत. आणखी असतील तर चिपसेटचं सगळं पॅकेजच बसवायचं राहिलं आहे, असं बहुधा निघतं. आवाज नाही, नेट नाही, या तक्रारीही मग त्याबरोबर येतात.

त्यानंतर एसएम बस कंट्रोलरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. तिथल्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. पहिल्या ओळीत 'व्हीईएन' या अक्षरांपुढची चार आणि 'डीईव्ही' पुढची चार अशी आठ अक्षरं उतरवून घ्या. व्हीईएन ही कंपनी. तिथे ८०८६ असेल तर इंटेल. १९७८ साली बाजारात आलेल्या इंटेलच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच हा आकडा, म्हणून लक्षात राहतो. १०२२ असेल तर एएमडी. डीईव्ही म्हणजे मॉडेल. जी३१ किंवा जी४१ चिपसेटचे जुने बोर्ड अजून पुष्कळ घरांत आहेत, त्यांत बहुधा २७डीए दिसेल.

आता ड्रायव्हर आणायचा कुठून? पहिलं दार विंडोज अपडेटचं. तिथे 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये ड्रायव्हरची यादी असते, पुष्कळदा काम तिथेच होतं. दुसरं दार कंपनीचं. लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल टाकून 'चिपसेट' या सदरात पाहा. जोडून घेतलेला संगणक असेल तर मदरबोर्डच्या कंपनीकडे जा. बोर्डचं नाव बोर्डवर छापलेलं असतं, नाहीतर स्टार्टमध्ये 'एमएसइन्फो३२' टाइप केलंत तर 'बेसबोर्ड' या शब्दापुढे मिळेल. तिसरं दार मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगचं. आपण उतरवलेला क्रमांक तिथे शोधता येतो. संगणकावर नेटच चालत नसेल तर दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हवर आणा. बसवल्यावर संगणक एकदा बंद करून चालू करा.

एका दाराशी मात्र अजिबात जायचं नाही. एसएम बस ड्रायव्हर असं नेटवर शोधलं की सगळ्यात वर मोफत ड्रायव्हर अपडेट करून देणारे प्रोग्रॅम झळकतात. ते संगणक तपासल्याचं नाटक करतात, वीस ड्रायव्हर जुने आहेत म्हणून लाल अक्षरांत भीती घालतात आणि मग पैसे मागतात. काही जण सोबत जाहिरातींचा किंवा त्याहून वाईट कचरा टाकून जातात. ड्रायव्हर बसवायला आपण संगणकाच्या किल्ल्याच देत असतो. ज्या संगणकावर बँकेचं काम चालतं, त्याच्या किल्ल्या अनोळखी हातात देऊ नयेत. पिवळ्या त्रिकोणापेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे. तीन दारांतून ड्रायव्हर नाहीच मिळाला आणि त्रिकोण एकटाच असेल, तर तो खुशाल राहू द्या. रोजच्या कामात काही अडत नाही.

काही जणींनी लिनक्सबद्दल विचारलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे मोफत नियमित अपडेट थांबले, जुन्या संगणकांवर विंडोज ११ कंपनीच्या नियमात बसत नाही, म्हणून हा विचार होतो. लिनक्समध्ये इंटेलच्या एसएम बसचा ड्रायव्हर मुळातच येतो. त्याच्या नावात ८०१ हा आकडा आहे, इंटेलच्या ८२८०१ या चिपमालिकेवरून आलेला. हा मात्र खरोखर काम करणारा ड्रायव्हर. त्याच्या मदतीनं तुम्ही मेमरीच्या पट्टीवरची माहिती संगणक न उघडता वाचू शकता. जुनी पट्टी विकत घेताना हे फार उपयोगी.

पण इथे एक जपायचं. या वाटेवर उगाच हाका मारत सुटलं तर नुकसान होऊ शकतं. आयबीएमच्या काही जुन्या थिंकपॅड लॅपटॉपांत तसं झालं होतं. तापमानाच्या चिपा शोधणाऱ्या प्रोग्रॅमनं घरोघरी हाक मारली आणि एका चिपनं ती हाक म्हणजे 'लिहून घे' असा हुकूम समजून स्वतःतली माहिती बिघडवली. लॅपटॉप सुरू होईनात. त्यानंतर लिनक्सच्या एका एसएम बस ड्रायव्हरमध्ये अटच घातली गेली, की मशीन आयबीएमचं दिसलं तर मी चालणारच नाही. म्हणून लिनक्समध्ये 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवलंत तर ते जे प्रश्न विचारतं, त्यांना त्यानंच सुचवलेलं उत्तर द्या. नुसतं एंटर दाबा. जास्तीचं धाडस करू नका.

शेवटी, दुकानात कधी जायचं? योग्य ड्रायव्हर बसवूनही त्रिकोण राहिला आणि आता कोड १० दिसतो, म्हणजे भाग सुरू होत नाही, तर दाखवा. मेमरी अर्धीच दिसत असेल तर आधी पट्टी काढून, पुसून, पुन्हा बसवून बघायला सांगा. संगणक तापून बंद पडत असेल तर पंख्यातली धूळ साफ करून घ्या, प्रोसेसरवरची पेस्ट बदलून घ्या. यातलं काहीच नसेल आणि तरी कुणी नवा मदरबोर्ड सुचवला, तर शांतपणे विचारा, "कोड कितीचा आहे?" उत्तर २८ आलं, तर संगणक उचला आणि घरी या.

आठ अक्षरं कागदावर उतरवून आमच्याकडे आणलीत, तर पुढचं आपण मिळून शोधू. त्यासाठी संगणक उचलून आणायची गरज नाही.