जंगल ओळखणाऱ्या मुली प्रयोगशाळेत का दिसत नाहीत?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मी या जंगलपट्ट्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आपल्या शिबिरांत दारू, मारहाण, मजुरी, वनहक्क यांवर बोलणं होतं. त्यात बी.एस्सी.च्या मुलींचा विषय कुठून आला, असं काहीजणींना वाटेल. तो आपलाच विषय आहे, हे सांगायला मी उभी आहे.

1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 बायका तपासल्या होत्या. त्यांतल्या 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. पांढरं जाणं, कंबर दुखणं बायका पिढ्यान्‌पिढ्या अंगावर काढत होत्या. पण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच सरकारदरबारी मोजलं जाई. बायकांचं ऐकणारी बाई डॉक्टर होती म्हणून हा प्रश्न विज्ञानात पोचला. विज्ञान कोण करतं यावर कोणते प्रश्न विचारले जातात हे ठरतं, ते असं.

दुसरं उदाहरण कमला सोहोनींचं, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या बहिणीचं. 1933 साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून एक वर्षाच्या बोलीवर त्यांना घेतलं. पुढे 1939 साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. मुंबईला परतल्यावर संशोधन कशावर केलं, तर नीरेवर. आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या पोषणाला ती कशी उपयोगी पडेल यावर.

आज ‘बाई म्हणून प्रवेश नाही’ असं तोंडावर कोणी म्हणत नाही. 2011 साली गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हापासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांची नागपूरची वारीही सुटली. मग मुली गळतात कुठे?

पहिली गळती भाषेत. घरी माडिया किंवा गोंडी, आश्रमशाळेत मराठी, आणि बी.एस्सी.ला एकदम इंग्रजी. मोह, तेंदू, चार, कुडा पानावरून आणि सालीवरून ओळखणारी मुलगी वर्गात गप्प बसते, कारण तिला माहीत असलेलं नाव परीक्षेत चालत नाही. मग तिला ‘कच्ची’ म्हणतात. राणीताईंचं ‘गोईण’ हे पुस्तक इथल्या बायकांच्या झाडांविषयीच्या ज्ञानावरच उभं आहे. तेच ज्ञान घेऊन वर्गात आलेली मुलगी कच्ची कशी?

दुसरी गळती प्रॅक्टिकलच्या तासाला. कलाशाखेची मुलगी दुपारी घरी जाऊ शकते. प्रॅक्टिकल संपेस्तोवर गावाची शेवटची एस.टी. निघून जाते. वसतिगृहात जागा नसली, की बाप म्हणतो, ‘बी.ए. कर.’ एस.टी.च्या वेळापत्रकावर मुलीची शाखा ठरते!

तिसरी गळती कागदांत आणि पैशांत. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर जात-पडताळणीचं प्रमाणपत्र हवं. आजोबांचा जुना दाखला शोधता शोधता प्रवेशाची मुदत टळते. 2024 साली राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. चांगलंच झालं. पण फी माफ झाली तरी खानावळ, खोली आणि प्रवास माफ होत नाही. वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 2016 पासून ‘स्वयम’ योजना आहे. गावात किती जणींना ठाऊक आहे?

चौथी गोष्ट मुली बोलत नाहीत. प्रयोगशाळेत, सहलीला, गाइडच्या खोलीत छळ झाला, तर मुलगी तक्रार करण्याऐवजी शिक्षण सोडते. 2013 चा कायदा आहे, 2015 चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आहेत. प्रत्येक कॉलेजात समिती हवी, आणि तिच्यात बाहेरची एक सदस्य हवी. ती बाहेरची सदस्य तुमच्यातलीच का नसावी?

तेव्हा माझं मागणं असं. दहावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत विज्ञानाला जाऊ पाहणाऱ्या मुलींची यादी करा. जातीच्या दाखल्याचं काम अकरावीतच सुरू करा. तालुक्याच्या डेपोत निवेदन द्या: प्रॅक्टिकल सुटल्यावर एक गाडी. कॉलेजात जाऊन समितीच्या सदस्यांची नावं फलकावर लावायला सांगा. पहिल्या वर्षाच्या मुलीला दिवाळीआधी एकदा भेटा. दिवाळीला घरी गेलेल्या मुलीच परत येत नाहीत, हे मी दरवर्षी पाहते.

शेवटी एवढंच. चंद्रपुरात कोळसा आणि वीजकेंद्राची राख, एटापल्लीत सुरजागडचं लोहखनिज. नाल्याचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे उद्या कोणीतरी बाटलीत भरून तपासणारच. तपासणारी जर त्याच नाल्यावर पाणी भरून वाढलेली असेल, तर ती बाटली कुठे बुडवायची हे तिला कोणी शिकवावं लागणार नाही. आणि आलेला आकडा ती गावाला तिच्या भाषेत सांगेल. अशा मुली आपल्या गावांत आहेत. त्यांना तिथवर टिकवून धरायचं काम एकट्या कॉलेजाच्याने होणार नाही. ते आपण मिळून करू.