स्वस्त माल आणि सकस माल

(गोव्यातील एका ग्रामीण ग्राहक मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेला आरंभ होण्यापूर्वी एका वयस्क भगिनीने मला एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "साहेब, शहरात सवलतीची मोठमोठी दुकाने झाली आहेत. तेथे डाळ, तेल, साखर आमच्या वाड्यावरच्या दुकानापेक्षा स्वस्त मिळते. पण स्वस्त मिळते म्हणजे त्यात काही तरी खोट असणारच, नाही का?" मी लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवून याच प्रश्नाविषयी चार शब्द बोलावे, असे मला वाटले. कारण हा प्रश्न त्या भगिनीचा एकटीचा नाही. ठराविक मिळकतीत घर चालविणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे.

या बाबतीत दोन समजुती प्रचलित आहेत. स्वस्त तेवढे टाकाऊ ही एक, आणि किंमत उतरली म्हणजे आपला फायदाच झाला ही दुसरी. पहिल्या समजुतीमुळे गरीब माणूस चांगला माल नाकारून ऐपतीबाहेर खर्च करतो. दुसरीमुळे तो निकृष्ट माल आनंदाने घरी आणतो. माझे म्हणणे असे आहे की, केवळ किमतीवरून मालाची प्रत ओळखता येत नाही. किंमत कशामुळे उतरली, हे ज्याने शोधले त्यालाच मालाची प्रत कळते.

किंमत कशाने उतरते?

किंमत उतरण्याची काही कारणे सर्वस्वी निर्दोष असतात. मोठा दुकानदार डाळीची पोती शेकड्याने घेतो, उत्पादकाला पैसे वेळेवर देतो आणि त्यामुळे त्याला भाव कमी पडतो. तो उधारी ठेवत नाही, माल घरपोच पाठवीत नाही, एका जिनसाचे दहा प्रकार न ठेवता दोनच ठेवतो आणि स्वतःच्या छापाच्या साध्या पिशवीत माल भरतो. जाहिरातीचा खर्च वाचतो, दलाली वाचते आणि त्यातला काही भाग गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो. यात डाळीच्या दाण्याला कोणताही अपाय होत नाही. उलट, जेथे खप मोठा असतो तेथे माल फळीवर पडून राहत नाही आणि पुष्कळदा तो अधिक ताजा मिळतो. याउलट एखाद्या झगझगीत दुकानात महागडा डबा महिनोन् महिने धूळ खात बसलेला असणे अशक्य नाही.

दुसरे एक निर्दोष कारण म्हणजे मालाची प्रतवारी. याचे उदाहरण आपल्या गोव्यातच आहे. काजूगरांची प्रतवारी एका पौंडात किती गर बसतात यावरून होते. 180 क्रमांकाचा गर मोठा व महाग, 320 क्रमांकाचा त्याहून लहान व स्वस्त, आणि तुकडा काजू सर्वांत स्वस्त. परंतु अखंड गर आणि त्याचा तुकडा यांच्या पोषणमूल्यात फरक नसतो. पाहुण्याला भेट द्यावयाची असेल तर अखंड काजू घ्यावा. वाटपात किंवा खिरीत घालावयाचा असेल तर तुकडा घेण्यात कमीपणा नाही. दिसण्याची प्रत आणि खाण्याची प्रत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवले तर बरेच पैसे वाचतील.

काही कारणे मात्र सदोष असतात. मुदत संपत आलेला माल उतरत्या भावाने काढणे हा गुन्हा नव्हे, पण मुदत संपलेला माल विकणे हा गुन्हा आहे. ओल लागलेला माल सुकवून पुन्हा भरणे, वजनात मारणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे भेसळ करणे, यांमुळेही किंमत उतरते. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाची भेसळ होऊन जलोदराची साथ पसरली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. सुटे खाद्यतेल विकण्यास कायद्याने जी बंदी घातली आहे, तिच्यामागे अशा घटनांचा अनुभव आहे. सुटे तेल चार रुपयांनी स्वस्त मिळाले, तरी ते कोणी भरले आणि त्यात काय आहे, याला कोणीही जबाबदार राहत नाही.

माझी स्वतःची चूक

येथे माझा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात एका दुकानात रव्याच्या एका पिशवीवर दुसरी फुकट मिळत होती. नेवऱ्यांसाठी रवा हवाच होता. मी दोन्ही पिशव्या उचलल्या आणि तारीख न पाहताच घरी आणल्या. पत्नीने पिशवी फोडली तेव्हा रव्याला जाळी धरलेली व आत अळ्या दिसल्या. दुसऱ्या पिशवीचीही तीच गत होती. परत करावयास निघालो, तर पावती मी वाटेतच फेकून दिली होती. दुसऱ्यांना ग्राहकजागृतीची पत्रके वाटणारा मी, त्या दिवशी घरात काही बोलू शकलो नाही. दोष दुकानाचा होता, यात शंका नाही; पण तारीख वाचणे आणि पावती जपणे ही दोन कामे माझी होती आणि ती मी केली नव्हती.

स्वस्ताईचा जन्म शुद्धतेसाठी

स्वस्त दुकान म्हणजे हलके दुकान, असे मानणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. इंग्लंडातील रॉचडेल या गावी विणकर व इतर कारागिरांनी आपल्या तुटपुंज्या मजुरीतून वर्गणी काढून 21 डिसेंबर 1844 रोजी एक दुकान उघडले. त्यात पीठ, लोणी, साखर, ओटाचे पीठ व मेणबत्त्या एवढेच जिन्नस होते. त्या काळी तेथील बाजारात पिठात व चहापत्तीत भेसळ हा नित्याचा प्रकार होता. भेसळ नसलेला माल आणि पुरेपूर वजन, या आग्रहावर त्या दुकानाने नाव मिळविले आणि त्यातून सहकारी ग्राहक चळवळ जगभर पसरली.

आपल्या देशातही हीच परंपरा आहे. मुंबईत 1948 साली गिरणगावातील कामगारांनी ज्या ग्राहक सहकारी संस्थेचा पाया घातला, ती पुढे 'अपना बाजार' या नावाने घरोघरी पोचली. 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने काही कुटुंबांचा एक गट करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करण्याची पद्धत रुजविली. आपल्या गोव्यातील बागायतदारांच्या सहकारी संस्थेने बागायती मालाच्या खरेदी-विक्रीबरोबर किराणा मालाची भांडारेही चालविली. या सर्वांनी एक गोष्ट सिद्ध केली आहे की, प्रामाणिक व्यवहारात भाव कमी ठेवूनही प्रत राखता येते.

रास्त भाव दुकानातील तांदूळ

स्वस्त धान्याविषयीचा गैरसमज किती घातक ठरू शकतो, याचे एक उदाहरण आपणापुढे ठेवतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम 2013 साली झाला. त्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबास 35 किलो धान्य देण्याची तरतूद झाली. 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य विनामूल्य करण्यात आले. त्याच सुमारास, 2022 पासून टप्प्याटप्प्याने, रास्त भाव दुकानांतील तांदळात पोषणयुक्त दाणे मिसळण्यात येऊ लागले. तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक आम्ल व बी-12 जीवनसत्त्व मिसळून यंत्रावर हे दाणे तयार करतात आणि साधारणतः शंभर दाण्यांत एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळतात. रक्तक्षयावर उपाय म्हणून ही योजना होती.

हे दाणे रंगाला किंचित निराळे दिसतात आणि तांदूळ धुताना त्यांतील काही वर तरंगतात. एवढ्यावरून प्लास्टिकचा तांदूळ आल्याची आवई ठिकठिकाणी उठली आणि मोबाईलवरून ती पसरली. एका घरी मी स्वतः पाहिले की, गृहिणी सुपात तांदूळ घेऊन ते दाणे एकेक वेचीत होती आणि कोंबड्यांपुढे टाकीत होती. शेजारी तिची शाळकरी मुलगी बसली होती. रक्त कमी असल्याचे शाळेच्या तपासणीत निघाले होते, असे आईनेच मला सांगितले. मुलीसाठी पाठविलेले लोह कोंबड्या खात होत्या! त्या माउलीला मी दोष देणार नाही. फुकट मिळते त्यात चांगले काय असणार, असे तिला सर्वांनी शिकविले होते. ते दाणे काय आहेत, हे मात्र आम्हा प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांपैकी कोणी तिच्या दारी जाऊन सांगितले नव्हते.

याचा अर्थ रास्त भाव दुकानात आलेले प्रत्येक पोते निर्दोष असते, असा नव्हे. पोरकिडे झालेले, बुरसा आलेले किंवा कुबट वास येणारे धान्य मिळाल्यास ते नाकारण्याचा आपणास अधिकार आहे. धान्य विनामूल्य आहे म्हणून तक्रार करण्यास संकोच वाटू देऊ नये. तो आपला कायदेशीर हक्क आहे, दान नव्हे.

खरेदी करताना काय पाहावे?

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 याने घालून दिलेली मानके महाग दुकानाला एक व स्वस्त दुकानाला दुसरी, अशी नाहीत. यास्तव पुढील गोष्टी सर्वत्र पाहाव्यात.

पहिली गोष्ट, वेष्टन वाचावे. त्यावर अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक, उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याची तारीख आणि वापरण्याची मुदत असली पाहिजे. यांपैकी काही खाडाखोड केलेले अथवा चिकटपट्टीखाली झाकलेले दिसल्यास ती पिशवी घेऊ नये.

दुसरी गोष्ट, वजनाचा हिशेब करावा. एका पिशवीत 1 किलो माल 100 रुपयांस आणि दुसरीत 92 रुपयांस मिळत असला, पण दुसरीत 900 ग्रॅमच असले, तर तिचा भाव किलोला 102 रुपयांहून अधिक पडतो. तेलाच्या बाबतीत लिटर व किलो यांची गल्लत करू नये; एक लिटर तेलाचे वजन सुमारे 910 ग्रॅम असते. तसेच साखर स्वस्त देऊन गिऱ्हाईक आत आणावयाचे आणि इतर माल चढ्या भावाने विकावयाचा, हीही व्यापाराची एक रीत आहे. म्हणून एका जिनसाचा नव्हे, सगळ्या यादीचा हिशेब मांडावा.

तिसरी गोष्ट, साठवण पाहावी. आपल्या हवेत दमटपणा फार. पुरुमेंताची खरेदी करताना शेंगदाणे, सुक्या मिरच्या व खोबरे यांना बुरशीचा वास नाही ना, हे अवश्य पाहावे. शेंगदाण्यांवरील काही बुरश्यांपासून तयार होणारे विष धुण्याने किंवा भाजण्याने पुरतेपणी नाहीसे होत नाही. पोती जमिनीवर व भिंतीला टेकून रचलेली असतील, तर दुकान कितीही स्वस्त असो, तेथून धान्य न घेणे बरे.

चौथी गोष्ट, संशय आल्यास घरी तपासावे. मिरे पाण्यात टाकले असता चांगले मिरे बुडतात आणि पपईच्या बिया तरंगतात. तिखटाची पूड पाण्यात सोडल्यावर विटेची भुकटी तळाशी बसते. खोबरेल शीतकपाटात ठेवले असता गोठते. त्यात दुसरे तेल असल्यास ते वेगळे राहते. येथे उपस्थित असलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, विज्ञानाच्या तासाला हे प्रयोग मुलांकडून करवून घ्यावेत. मूल शाळेत जे शिकते ते संध्याकाळी स्वयंपाकघरात पोचते.

पाचवी गोष्ट, पावती घ्यावी आणि जपून ठेवावी. तिच्यावाचून तक्रार लंगडी पडते.

तक्रार कोठे करावी?

भेसळीची तक्रार बांबोळी येथील अन्न व औषध प्रशासनाकडे, वजनाची तक्रार वजनमापे खात्याकडे आणि रास्त भाव दुकानाची तक्रार तालुक्याच्या नागरी पुरवठा कार्यालयाकडे करावी. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक 1915 हा आहे. पुष्कळांना ठाऊक नसलेली एक तरतूद अशी की, दुकानदारास तसे कळवून, ठरलेले शुल्क भरून, आपण घेतलेला अन्नपदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार कायद्याने ग्राहकास दिला आहे. आणि पदार्थ सदोष ठरल्यास ते शुल्क परत मिळते.

अधिकारीवर्गालाही नम्रपणे सांगावेसे वाटते की, तक्रार घेऊन आलेला ग्रामस्थ एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. त्याला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठविले, तर तो पुन्हा येणार नाही आणि वाईट माल विकणारा निर्धास्त होईल.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. बाई, सवलतीच्या दुकानातील माल चांगला असू शकतो, पुष्कळदा असतोही. पण त्याची हमी ना पाटीवर असते ना भावात. भाव का उतरला हे विचारावे, पिशवीवरील मजकूर वाचावा आणि मगच पैसे मोजावेत. अक्षरे बारीक असली तर शाळेत जाणाऱ्या नातवाला बरोबर न्यावे. त्याचा चष्म्याचा खर्च अजून सुरू झालेला नाही!